भूगर्भातील अमानत

जमिनीच्या पोटातील तेल, वायू किंवा हिरे हे कोणा माणसाच्या कष्टाचे फळ नाही. ती अल्लाहची देणगी आहे. मग तिच्यावर हक्क कोणाचा? ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा, ज्याच्या भूमीत ती सापडली त्याचा, की सर्वांचा?

हदीस ग्रंथांत या संदर्भात एक प्रसंग नोंदलेला आहे. येमेनमधील मआरिब येथील मिठाची खाण अबयज बिन हम्माल (रजि.) यांनी मागितली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती त्यांना दिली. तेव्हा एका व्यक्तीने निदर्शनास आणून दिले की, हे मीठ तर कधीही न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे. हे कळताच प्रेषितांनी (स.) ती खाण परत घेतली. सर्वांच्या गरजेची आणि सहज हाती येणारी अशी खनिजे एकाच्या नावे करता येत नाहीत, असे तत्त्व धर्मशास्त्रज्ञांनी यावरून मांडले. मालिकी विचारसरणीने तर खाणींचा अधिकार शासनाकडे सोपविला, तोही मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून.

हे विश्वस्तपण सुटले की काय होते, हे अल्जीरियात दिसले. १९७१ मध्ये तेथील शासनाने तेल व वायू उद्योगावर ताबा मिळविला. निर्यातीचे जवळजवळ सर्व उत्पन्न त्यातूनच येई. स्वस्त धान्य आणि सरकारी नोकऱ्या मिळत होत्या. त्या बदल्यात एकाच पक्षाची सत्ता जनतेने निमूटपणे सोसावी, अशी अपेक्षा होती. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले. सैन्याच्या गोळीबारात शेकडो बळी गेले. १९९२ मध्ये निवडणूक रद्द झाली आणि पुढील यादवीत एक लाखाहून अधिक माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. या अनर्थाला इतरही कारणे होती. परंतु भावाच्या आधारावर उभी असलेली शांतता भावाबरोबरच ढासळली, हे नाकारता येत नाही. जो राज्यकर्ता प्रजेकडून कर घेतो, त्याला प्रजेला हिशेब द्यावा लागतो. ज्याची तिजोरी जमिनीतूनच भरते, त्याला प्रजेची गरजच उरत नाही.

याउलट बोत्स्वाना पाहा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले, ते राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बामांग्वातो जमातीच्या प्रदेशात. तरीही खनिजांचा हक्क जमातीकडे न राहता संपूर्ण राष्ट्राकडे गेला. हिऱ्यांच्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. तेथे विषमता आणि बेकारी आजही आहे. परंतु निवडणुका नियमित होत राहिल्या आणि २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षे राज्य करणाऱ्या पक्षाने पराभव मान्य करून शांततेने सत्ता सोडली.

संपत्ती स्वतः शापही नाही आणि वरदानही नाही. ती अमानत आहे. दिलेली खाण परत घेण्यात प्रेषितांना (स.) संकोच वाटला नाही, कारण ती सर्वांची होती. ज्यांच्या हाती आज अशी अमानत आहे, त्यांना तिचा हिशेब प्रजेपुढे द्यावा लागेल. आणि तेथे तो टळला, तरी अल्लाहपुढे टळणार नाही.