विझलेली मेणबत्ती व उघडें शास्त्र

शास्त्रभाग : २ शमुवेल १८:३३, यशया अध्याय ५३



दावीद राजाचा पुत्र अबशालोम बापावर उठला आणि त्याच युद्धांत मारला गेला. राजाचा जय झाला. तरी तो वेशीवरील माडीवर चढून पुत्राच्या नांवानें आक्रोश करीत राहिला, आणि विजयी सैन्य चोरासारखें नगरांत शिरलें. हा शोक इतका दारुण कां, याचा विचार आपण केला आहे काय? पुत्र मेला एवढ्यानें नव्हे. भांडण मिटण्यापूर्वीं मेला म्हणून. ज्याच्याशीं बोलावयाचें राहून गेलें त्याचें मरण दुहेरी दुःख देतें. रडूं येतें, आणि रडण्याचा आपणांस अधिकार तरी आहे काय, अशी शंकाही येते. आपल्या मंडळ्यांत असें दुःख थोडें नाहीं. बाप्तिस्मा घेतला म्हणून बापानें घराबाहेर काढलें, पुढें बाप वारला, आणि मातीलाही जातां आलें नाहीं, असे बंधु आम्हांस भेटले आहेत.

आज आम्ही अशाच एका पुत्राची हकीकत सांगतों. हॉलंड देशांतील एका पाळकाचा हा मुलगा. नांव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. जन्म १८५३ सालचा. त्याच्या मरणानंतर त्याचीं चित्रें जगभर गाजलीं, परंतु आरंभीं तो आपल्यांपैकींच होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. १८७९ सालीं तो बेल्जियम देशांत, बोरिनाज नांवाच्या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशांत, प्रचारक होता. आपले कपडे त्यानें खाणकामगारांस देऊन टाकिले व आपण गवतावर निजूं लागला. वरिष्ठांस ही रीत रुचली नाहीं. त्यांनीं त्याची नेमणूक पुढें चालविली नाहीं. (प्रचारकांच्या नेमणुकीची काळजी किती जुनी आहे पाहा!)

त्यानंतर त्याचें मन मंडळीवरून उडालें. १८८१ च्या नाताळांत त्यानें उपासनेस जाण्याचें नाकारलें. बापलेकांत कडाक्याचें भांडण झालें आणि बापानें त्यास घर सोडून जाण्यास सांगितलें. दोन वर्षांनीं तो नूनेन गांवीं आईबापांच्या घरीं परत आला खरा, परंतु मनें जुळलीं नाहींत. बापाचा भरंवसा पवित्र शास्त्रावर; मुलगा नव्या फ्रेंच कादंबऱ्या वाची, आणि त्या बापास मुळींच खपत नसत. २६ मार्च १८८५ रोजीं तो वृद्ध पाळक बाहेरून घरीं येतांना दाराशींच कोसळला व गतप्राण झाला. समेट राहून गेला.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत व्हिन्सेंटानें एका दिवसांत एक चित्र काढिलें. मेजावर बापाचें मोठें, चामडी बांधणीचें शास्त्र उघडें आहे. शेजारीं मेणबत्ती आहे, ती विझलेली. पुढें कडेला एक लहानसें पिवळें पुस्तक आहे, हाताळून हाताळून जीर्ण झालेलें. तें झोला नांवाच्या फ्रेंच लेखकाची कादंबरी. तिच्या नांवाचा अर्थ जगण्याचा आनंद असा होतो. मागें काळोख. माणूस कोठेंही नाहीं. धाकटा भाऊ थिओ यास या चित्राविषयीं लिहितांना व्हिन्सेंट बोलतो तें रंगांविषयीं : पांढुरका, काळा, पिवळसर तपकिरी, आणि लिंबासारखा पिवळा.

पण चित्र स्वतः बोलतें. जें तोंडानें सांगवत नाहीं तें एका वस्तूच्या हातीं सोंपवून देणें, यालाच आपण प्रतीक म्हणतों. मेणबत्ती कोणाची हें सांगावयास नको. बापाचें मोठें पुस्तक व मुलाचें लहान पुस्तक, जीं एका घरांत भांडत होतीं, तीं येथें एका मेजावर आलीं आहेत. कोणी म्हणतात, मुलानें येथेंही आपलाच पक्ष मांडिला : स्वतःचें पुस्तक पुढें आणि बापाचा दिवा विझलेला. असेल. परंतु आमची दृष्टि त्या उघड्या पानावर खिळते. मजकुराचीं अक्षरें काढिलेलीं नाहींत, नुसते कुंचल्याचे फटकारे आहेत. मात्र यशया हें नांव व ५३ हा अध्यायाचा आंकडा वाचतां येतो. चिताऱ्यास कोणतेंही पान उघडतां आलें असतें. त्यानें तें उघडलें, जेथें देवाचा सेवक लोकांनीं टाकून दिलेला व दुसऱ्यांचीं दुखणीं वाहणारा असा वर्णिला आहे. आणि त्या पिवळ्या कादंबरींतही एक पोरकी मुलगी आहे. तिची मिळकत नातलग खाऊन टाकितात आणि तीच त्यांची सेवा करिते. तेव्हां तीं दोन पुस्तकें वाटतात तितकीं एकमेकांचीं वैरी नाहींत. बाप जिवंत असतां हें त्यास समजावून सांगणें पुत्रास साधलें नाहीं. पुढें रंगांत तें सांगून झालें.

कोणी विचारील, अशीं चित्रें काढणें, मेलेल्यांच्या खुणा जपणें, हें दुसऱ्या आज्ञेविरुद्ध नव्हे काय? आज्ञेनें मनाई केली आहे ती मूर्तीपुढें नमण्याची. यार्देनेच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून आणविले ते देवानेंच, आणि मुलांनीं त्यांविषयीं विचारावें म्हणूनच.

या बाबतींत आमच्याच हातून एकदां चूक घडली. आमच्या मंडळींतील एका विधवा भगिनीनें नाताळापूर्वीं सारें घर चुन्यानें पांढरें केलें, परंतु ओटीवरील भिंतीचा हातभर तुकडा तसाच ठेविला. तेथें तिचा नवरा टेकून बसे. त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेथें होता. आम्हीं म्हटलें, "बाई, ही जुन्या चालीची खूण दिसते, पुसून टाका." ती कांहीं बोलली नाहीं. पुढें कळलें कीं, तो गेला त्या दिवशीं दोघांचा अबोला होता, आणि ती रोज संध्याकाळीं त्या डागाशेजारीं बसून प्रार्थना करीत असे. नवऱ्याची नव्हे, देवाची. आम्हीं परत जाऊन तिची क्षमा मागितली.

त्या चित्रानें व्हिन्सेंट पुरता बरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. १८८९ सालीं मनाच्या आजारामुळें तो फ्रान्स देशांत सेंट रेमी येथील इस्पितळांत राहावयास गेला. तेथें मे १८९० मध्यें, रेम्ब्रांट नांवाच्या जुन्या चिताऱ्याच्या चित्रावरून, त्यानें लाजरास मेलेल्यांतून उठविल्याचा देखावा रंगविला. लाजराची दाढी त्याच्या स्वतःच्या दाढीसारखी तांबूस आहे. पण प्रभु त्यांत नाहीं. वर मोठा पिवळा सूर्य आहे. येथें आमच्या जिवास चटका बसतो, हें कबूल केलें पाहिजे. तरी ज्या मनुष्यानें कबरेंतून उठणाऱ्यास आपली दाढी दिली, त्याची ती याचनाच होती असें आम्ही समजतों. त्याच वर्षीं २९ जुलै रोजीं, अवघ्या ३७ वर्षांच्या वयांत, तो गोळीच्या जखमेनें वारला. उघड्या शास्त्राचें तें चित्र आज आम्स्टरडॅम येथें त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत आहे.

प्रचारक बंधूंनो, समेट राहून गेलेल्या घरीं मरण आलें म्हणजे तेथें जाऊन पुनरुत्थानाचें वचन ऐकविण्याची घाई करूं नका. प्रथम बसा. मेलेल्याची काठी, पागोटें, विळा, जें कांहीं घरांत असेल तें दाखविण्यास सांगा आणि त्याविषयीं त्यांस बोलूं द्या. भांडणाची गोष्ट निघाली तर तीही निघूं द्या. घरांतील कोणी पोर गेरूनें अथवा कोळशानें भिंतीवर कांहीं काढीत असेल तर त्यास हटकूं नका. मग यशयाचा ५३ वा अध्याय काढा व सावकाश वाचा. वाचवेनासें झालें तर पुस्तक तसेंच उघडें ठेवून घरीं या, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जा.