राग माझा की पोटाचा?

आमची आई तापट होती, असे आम्ही भावंडे अजूनही म्हणतो. तिच्या हातचे कालवण, तिची माया, तिची संध्याकाळची रोझरी यांच्या आठवणी निघाल्या की तिच्या रागाचीही आठवण निघते. दुपारी शाळेतून आल्यावर दप्तर कुठे टाकले, चपला कुठे काढल्या, एवढ्याशा कारणावरून ती कडाडायची. "तिचा स्वभावच तसा," असे बाबा म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायला शिकलो.

दोन वर्षांपूर्वी मला पित्ताचा त्रास सुरू झाला. गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टरांनी विचारले, "सकाळचा चहा किती वाजता? आणि त्यानंतर पहिला घास किती वाजता?" मी हिशेब सांगितला. पहाटे पाचला चहा, मग लोकलची धावपळ आणि दुपारी दीडला डबा. "मग बाराच्या सुमारास ऑफिसात कोणावर ओरडता?" त्यांनी हसत विचारले. मला हसू आले नाही, कारण मला एकदम आई आठवली. पहाटे पाचला चहा, मग वाडीतले काम, विहिरीचे पाणी, स्वयंपाक, आजी-आजोबांचे पान, आमचे पान आणि अखेर तीनच्या सुमारास जे उरले असेल ते तिच्या पानात. आम्ही तिच्या स्वभावाला नाव ठेवले. तिच्या ताटाकडे कोणी पाहिले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. माणसाचा राग, खिन्नता, मरगळ यांतला किती भाग त्याचा स्वतःचा आणि किती त्याच्या पोटाचा? आणि जो पोटाचा आहे, त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा?

पोट आणि मन यांचे नाते आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, रागाने पित्त खवळते, दुसऱ्याचे बरे झालेले पाहून पोटात दुखते. विज्ञानाला हे नाते प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सी सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन कामगाराच्या पोटात चुकून बंदुकीचा बार घुसला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्या भोकातून डॉक्टरांनी अनेक वर्षे पचनाचा अभ्यास केला आणि १८३३ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. सेंट मार्टिन चिडला किंवा घाबरला की जठराच्या अस्तराचे रूप बदलते आणि पचन बिघडते, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. मनातले पोटात उतरते, याचा तो पुरावा होता.

उलट दिशेची वाटही असते, हे अलीकडच्या काळात अधिक स्पष्ट झाले. आपल्या अन्नमार्गाच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे आहे. मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची एक मोठी नस आहे आणि तिच्यातले बहुतेक तंतू पोटाची खबर मेंदूकडे नेणारे आहेत. ज्या सेरोटोनिनचा संबंध आपण मनःस्थितीशी जोडतो, त्याचा सुमारे नव्वद टक्के साठा आतड्यात असतो. हे सेरोटोनिन थेट मेंदूत जात नाही, पण आतड्याची हालचाल आणि तिथल्या नसांचे निरोप यांत त्याचा मोठा वाटा असतो. शिवाय आतड्यात अब्जावधी जिवाणू वस्तीला असतात. आपण खाल्लेल्या भाज्या, कडधान्ये आणि फळे यांतल्या चोथ्यावर ते जगतात आणि त्याचे शरीराला उपयोगी अशा द्रव्यांत रूपांतर करतात. जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की, असे जिवाणू मुळीच नसलेले उंदीर कोंडून ठेवले असता इतर उंदरांपेक्षा अधिक ताण घेतात.

माणसांच्या बाबतीतही काही उजेड पडला आहे. ऑस्ट्रेलियात नैराश्याने त्रस्त अशा ६७ जणांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे सकस आहारासाठी मार्गदर्शन मिळाले, तर दुसऱ्या गटाला तितकाच वेळ गप्पांची सोबत मिळाली. आहार सुधारलेल्या गटात सुमारे एक-तृतीयांश लोक नैराश्यातून बाहेर आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण आठ टक्के होते. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावरून कोणी डॉक्टरांचे औषध बंद करू नये. वाटीभर दह्याने नैराश्य पळते, असे सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. पण ताटात काय आहे आणि ते किती वाजता समोर येते, याचा मनाशी संबंध आहे, एवढे मानायला हरकत नाही.

आता खरा प्रश्न येतो. असे असेल तर प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मी काय सांगायचे? "फादर, मी मुलावर हात उगारला," की "फादर, माझ्या जठराने हात उगारला"?

इथे दोन चुकीची उत्तरे आपल्याला मोह घालतात. पहिले उत्तर असे की, सारा दोष शरीराचा, आपण केवळ बाहुले. हे सोयीचे आहे, पण खरे नाही. भुकेने राग लवकर चढतो, पण उपाशीपोटी समोरच्याची क्षमा मागणारी माणसेही आपण पाहिली आहेत. दुसरे उत्तर असे की, सारे इच्छाशक्तीवर आहे. मन घट्ट केले, प्रार्थना केली की पुरे, शरीराची सबब नको. हे धार्मिक वाटते, पण ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. भीती, सवय, दडपण, मनाची अवस्था यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ती स्पष्ट सांगते. दुःखावर उपाय सांगताना संत थॉमस अक्वायनस यांनी मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबर झोप आणि स्नान यांचाही समावेश केला आहे. शरीराला त्यांनी आत्म्याचा शत्रू मानले नाही.

मला वाटते, उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. रागाची ठिणगी उठणे पुष्कळदा माझ्या हातात नसते, पण ती कोणत्या वेळी उठते हे एकदा कळल्यावर माझी जबाबदारी संपत नाही, ती अलीकडे सरकते. उपाशी असताना मी तोल गमावतो हे ठाऊक असूनही मी डबा टाळला, रात्री दोनपर्यंत टीव्ही पाहिला आणि सकाळी मुलाचे प्रगतिपुस्तक हातात घेतले, तर दोष त्या क्षणाचा कमी आणि आदल्या रात्रीचा अधिक. वेळेवर जेवणे आणि झोपणे हे तब्येतीचे नियम आहेत, तसेच शेजाऱ्यावरील प्रीतीचेही आहेत.

पण याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मी ओरडलो की मी म्हणतो, "भूक लागली होती, डोके दुखत होते." दुसरा ओरडला की मी म्हणतो, "त्याचा स्वभावच वाईट." स्वतःसाठी आपण पोटाची सबब ठेवतो आणि दुसऱ्यासाठी स्वभावाचा शिक्का. हे उलट व्हायला हवे. स्वतःचा राग तपासताना आधी आपली इच्छा तपासावी. दुसऱ्याचा राग तपासताना आधी त्याचे ताट आठवावे.

पवित्र शास्त्रात याचे दोन सुंदर दाखले आहेत. राणी ईजबेलच्या धमकीने घाबरलेला एलिया रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. त्याला कोणी रागावले नाही. देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने त्याला विचारला, तो त्यानंतर चाळीस दिवसांच्या वाटेच्या शेवटी. तसेच पेत्राचे. ज्याने तीनदा प्रभूला नाकारले, त्या पेत्राला पुनरुत्थित प्रभू तलावाच्या काठी भेटले. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या त्या माणसांसाठी त्यांनी निखाऱ्यावर मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. न्याहारी झाल्यावरच त्यांनी पेत्राला प्रीतीविषयी विचारले. दोन्ही ठिकाणी भाकर आधी आणि प्रश्न नंतर.

आपल्या घरात मात्र प्रश्न आधी असतात. कामावरून आलेल्या माणसाला दारातच हिशेब विचारला जातो. शाळेतून आलेल्या मुलाला आधी मार्क विचारले जातात. आणि घरातली जी बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते, ती थोडी चिडली की आपण तिला चिडखोर ठरवून मोकळे होतो. घरकामाला येणारी बाई, सकाळपासून पायावर उभा असलेला वॉचमन, रिक्षावाला यांच्या तुसडेपणाबद्दल आपण तक्रार करतो, पण ती माणसे कधी जेवली असतील, हा विचार आपल्याला सहसा शिवत नाही. ज्याला रोजच अर्धपोटी राहावे लागते, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरण्याआधी त्याच्या भाकरीची काळजी करणे हे न्यायाला धरून आहे.

शुभवर्तमानात प्रभूला लोकांचा कळवळा आला असे आपण वाचतो. त्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचे मूळ पोटातल्या आतड्यांत आहे. आपल्या मराठीतही चूक पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे. जिथून राग उठतो, तिथेच क्षमेलाही जागा आहे.

माझ्या आईला आता हे सांगता येत नाही. पण परवा आम्ही भावंडे जमलो, तेव्हा धाकटी नेहमीप्रमाणे म्हणाली, "आई फार तापट होती, नाही?" मी म्हणालो, "आई फार उशिरा जेवायची." थोडा वेळ कोणी बोलले नाही.

आज मिस्सा आटोपून आपण घरी जाऊ आणि जेवायला बसू. त्या वेळी कोण अजून उभे आहे, तेवढे पाहू या. त्याला आधी बसवू या, मग स्वतःचे पान वाढून घेऊ या.