वेदनेचा भाव

दरवर्षी गणपती जवळ आले की स्मरणिकेच्या संपादकांचा फोन येतो, "डॉक्टर, आरोग्यावर दोन पाने द्या." आजवर मी मधुमेह, रक्तदाब, उन्हाळ्यातली काळजी अशा विषयांवर इमानाने लिहीत आलो. यंदा मात्र सल्ला देण्याऐवजी एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवावा असे वाटते. गेली अनेक वर्षे तो माझ्या मनात आहे आणि त्याचे उत्तर मला पूर्णपणे सापडले आहे असेही नाही. प्रश्न असा : माणसाच्या वेदनेची किंमत कोणी ठरवायची? आणि ज्याला ती परवडत नाही, त्याने काय करायचे?

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शारजातल्या आमच्या दवाखान्यात एक मराठी सुतार आला. मूळचा रत्नागिरीकडचा, चाळिशीचा, शिडीवरून पडून कमरेचा मणका दुखावलेला. हाड जुळले होते, पण कमरेतून पायात जाणारी कळ थांबत नव्हती. रात्री पायात निखारे ठेवल्यासारखे वाटते, असे त्याने सांगितले. दुखावलेल्या मज्जातंतूंची वेदना अशीच असते. मी त्याला तपासले, अहवाल पाहिले आणि त्या काळी नव्या समजल्या जाणाऱ्या एका औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहिले. दिवसातून दोन वेळा, दोन महिने. त्याने चिठ्ठी कपाळाला लावली आणि तो गेला.

तीन आठवड्यांनी त्याच्या खोलीतल्या मित्रांनी त्याला आणले ते पांढराफटक पडलेल्या अवस्थेत. शौचाला काळे होत होते. जठरातून रक्तस्राव झाला होता. चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. मी लिहिलेले औषध महिन्याला त्याच्या पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा खात होते. विमा नव्हता. म्हणून त्याने आधी दोन गोळ्यांची एक केली, मग एकाआड एक दिवस, आणि उरलेली वेदना मारायला मित्रांनी गावाहून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, बहुधा उपाशीपोटी, दिवसाला चार-चार घेतल्या.

मी जरा रागानेच विचारले, "अहो, मला सांगायचं नाही का, की औषध महाग पडतंय?"

तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही विचार करूनच लिहिलं असणार. मी कसा बोलू?"

मंडळी, त्या उत्तराने मला जेवढे लाजवले तेवढे आजवर कशानेच लाजवलेले नाही. कारण मी विचार केलाच नव्हता. त्याचे वय, वजन, जुने आजार, व्यसन, सगळे विचारले होते. पगार तेवढा विचारला नव्हता. आणि वाईट याचे वाटते, की त्याच वेदनेवर ॲमिट्रिप्टिलिन नावाचे जुने औषध आहे. ते १९६०च्या दशकापासून वापरात आहे, अगदी स्वस्त आहे, मज्जातंतूंच्या वेदनेवर आजही पहिल्या फळीत गणले जाते. हृदयाचे किंवा लघवीचे दुखणे असेल तर ते जपून द्यावे लागते, पण या गड्याला ते रात्री लहान मात्रेत सहज चालले असते. मला ते माहीत नव्हते असे नाही. फक्त त्या वेळी लेखणीतून नवे नाव उतरले, कारण त्या आठवड्यात तेच नाव चारदा कानावर पडले होते. रुग्णालयाचे बिल औषधाच्या कितीतरी पट झाले. ते मित्रांनी वर्गणी काढून भरले. तो वाचला ही देवाची कृपा.

आता कोणी म्हणेल, दोष औषध कंपन्यांचा. काही अंशी खरे आहे. नवे औषध पेटंटखाली असते तोवर त्याची किंमत एकाच्याच हातात असते. आपल्या देशात १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर दिले. त्यामुळे एकच औषध दहा कंपन्या बनवू लागल्या आणि भाव उतरले. २००५ साली तो कायदा बदलला, पण तोवर भारत स्वस्त औषधांचे आगर झाला होता. म्हणूनच तर सुट्टीवरून परतताना आपल्या बॅगांत लोणच्याच्या बरणीशेजारी औषधांची पिशवी असते. इथे अमिरातीत औषधांच्या किमती सरकार ठरवते आणि गेल्या दीड दशकात त्या अनेकदा उतरवल्याही गेल्या आहेत. विम्याचे जाळेही पसरले. अबू धाबीत २००६ पासून, दुबईत २०१४ पासून टप्प्याटप्प्याने, आणि १ जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींतही नोकरदारांना आरोग्यविमा बंधनकारक झाला. तिथल्या मूळ योजनेचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम ठेवला गेला. माझा सुतार दहा वर्षे उशिरा पडला असता तर कदाचित एवढे झाले नसते. तरीही औषधाच्या किमतीचा काही वाटा रुग्णाच्याच खिशातून जातो आणि नियमित औषध घेणाऱ्याला तो जाणवतोच.

संशोधनाला पैसा लागतो, हेही मी नाकारत नाही. नवे औषध शोधायला वर्षे जातात, अनेक प्रयत्न फुकट जातात. तो खर्च कुणीतरी भरायलाच हवा. पण सगळा प्रश्न एवढाच असता, तर जुने आणि पेटंट नसलेले वेदनाशामक जगात प्रत्येकाला मिळायला हवे होते. ते मिळते का?

याचे उत्तर मला माझ्या घरातच मिळाले. साल १९९६. मी मिरजेहून एम.बी.बी.एस. होऊन पुढचे शिक्षण घेत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तासगावला शाळेत शिक्षक होते, निवृत्त झालेले. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला होता. बरे होण्याचा प्रश्नच नव्हता, फक्त वेदना कमी करणे हातात होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली होती : आधी साधी औषधे, मग सौम्य अफूजन्य औषधे, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. मला ती शिडी परीक्षेपुरती पाठ होती. पण तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायला आमच्या आसपास मॉर्फिनची एक गोळी मिळेना.

हे औषध महाग म्हणून नव्हे. मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सेर्ट्युर्नर या औषधविक्याने अफूपासून वेगळे काढले. त्यावर आज कुणाचेही पेटंट नाही. आणि ज्या अफूपासून ते बनते ती आपल्याच शेजारी, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूर इथे तिचे सरकारी कारखाने आहेत. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने शिक्षा इतक्या कडक केल्या, आणि एका गोळीसाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागू लागले, की औषधविक्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि १९९७ साली तो अवघ्या १८ किलोंवर आला. शंभर कोटींच्या जवळ पोचलेल्या देशात अठरा किलो!

अण्णांना आम्ही जे मिळेल ते टोचत राहिलो. ते ओरडायचे नाहीत. रात्री कळ आली की फक्त आईला म्हणायचे, "खिडकी लावून घे गं." शेजाऱ्यांना कण्हणे ऐकू जाऊ नये म्हणून. ऐन उन्हाळ्यात ती खिडकी बंद असायची. मी, घरातला डॉक्टर, शेजारी बसून असायचो. काही रुपयांची गोळी, आणि ती मी माझ्या बापाला देऊ शकलो नाही.

म्हणून मी म्हणतो, भाव दोन प्रकारचे असतात. एक पैशांचा आणि दुसरा भीतीचा. सुताराला पैशांचा भाव परवडला नाही आणि अण्णांना भीतीचा. दोघांची वेदना सारखीच.

ही भीती अनाठायी नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९९६ साली, म्हणजे अण्णा गेले त्याच वर्षी, ऑक्सिकॉन्टिन हे तीव्र वेदनाशामक बाजारात आले. व्यसनाचा धोका कमी आहे असे सांगून ते खपवले गेले. २००७ साली कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, पण तोवर घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली होती. इकडे दुष्काळ आणि तिकडे पूर. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला, की जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या मॉर्फिन-तुल्य सुमारे २९८.५ टन औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला फक्त ०.१ टन येते. कायदा हवाच. पण दार असे हवे, की चोराला बंद आणि रुग्णाला उघडे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोझिकोडमध्ये हे करून दाखवले. त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्याने २०१४ साली भारतातला कायदाही सुधारला आणि अत्यावश्यक औषधांसाठी परवान्यांची ती साखळी तुटली. अण्णांना अठरा वर्षे उशीर झाला, पण कुणाच्यातरी वडिलांना झाला नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. लहानपणी अण्णांनीच ती वर्गात शिकवली होती. सोसणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला आहे, आणि तो आहेच. पण टाकीच्या घावामागे मूर्तिकाराच्या डोळ्यांसमोर मूर्ती असते. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या डोळ्यांसमोर कोणती मूर्ती असते? उपासाची, अभ्यासाची, व्रताची वेदना माणूस स्वतः निवडतो. दुसऱ्यावर लादलेली वेदना त्याला घडवत नाही, फक्त एकटे पाडते. "ज्याचे त्याचे भोग" हे वाक्य माणसाने स्वतःच्या दुखण्याविषयी म्हटले तर त्यात धीर असतो. दुसऱ्याच्या दुखण्याविषयी म्हटले, तर ती आपली सुटका असते.

मग करायचे काय? माझ्यापुरते मी दोन नियम केले. पहिला, चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचे : "औषधाचा खर्च कोण करणार?" दुसरा, तेवढेच गुणकारी स्वस्त औषध असेल तर आधी ते. तुम्हालाही विनंती, की डॉक्टरांना न लाजता विचारा, "याला स्वस्त पर्याय आहे का?" या प्रश्नात कसलाही अपमान नाही. विचारल्याशिवाय गोळ्या तोडू नका, कमी करू नका. सावकाश विरघळणारी गोळी तोडली तर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते.

आणि बॅगेतल्या पिशवीबद्दल. मागे एका जिवलग मित्राने मला गळ घातली, "येताना भावासाठी ट्रॅमाडॉल घेऊन ये ना, तिकडे किती स्वस्त!" मी नाही म्हणालो. तो बरेच दिवस दुखावला होता. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी औषधे इथे नियंत्रित आहेत. स्वतःसाठी आणायची तरी चिठ्ठी आणि सरकारची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते, आणि दुसऱ्यासाठी आणणे म्हणजे तुरुंगाशी खेळ. भारतातही २०१८ पासून ट्रॅमाडॉल त्याच कायद्याखाली आहे. माझा नकार बरोबर होता असे मी मानतो. पण नुसते नाही म्हणून मी मोकळा झालो असतो, तर तेही खिडकी लावून घेण्यासारखेच झाले असते. म्हणून त्याच्या भावाला मी दवाखान्यात बोलावले, जुनी औषधे तपासली आणि परवडेल असा मार्ग काढला. दया ही कायदा मोडायला सांगत नाही, पण कायदा दाखवून घरी बसायलाही सांगत नाही.

तो सुतार आता गावी असतो. गणपतीच्या आधी मखराची कामे घेतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "साहेब, तुमची ती जुनी स्वस्त गोळी बरी होती हां." त्याने हे सहज म्हटले. मला मात्र तासगावची ती बंद खिडकी आठवली.

आपल्या आसपासही अशा खिडक्या आहेत. लेबर कॅम्पच्या खोल्यांत, शेजारच्या फ्लॅटमध्ये, क्वचित आपल्याच घरात म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीत. आरतीला जमतो तेव्हा एकमेकांना "कसे आहात?" विचारतोच. यंदा उत्तर ऐकायला जरा थांबू या.