पदकावरचा माणूस

हिवाळी ऑलिंपिकच्या पदकांवर लिहायला माझ्याइतका योग्य माणूस सापडणार नाही. बर्फाशी माझा संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता, आणि या खेळांत आपल्या देशाला आजवर एकही पदक मिळालेलं नाही. मी पक्षपात करायचा म्हटला तरी करणार कुणाच्या बाजूने?

उन्हाळी ऑलिंपिकच्या पदकावर विजयदेवता असावीच लागते. हिवाळी पदकांना तसं बंधन नाही. यजमानाच्या मनाला येईल तसं घडवावं. आणि यजमान घडवतातही. १९९२ साली आल्बेरव्हिलने पदकात काच बसवली, १९९४ साली लिलेहामरने दगड, १९९८ साली नागानोने लाखेचं नक्षीकाम. २००६ साली तोरिनोने तर मधोमध भलंमोठं भोकच ठेवलं. इटलीतल्या गावांमधल्या मोकळ्या चौकाची ती खूण म्हणे. आमच्या हिने फोटो पाहिला आणि "मेदूवडा!" एवढंच म्हणून ती आत गेली.

सोन्याचं म्हणतात ते पदकही मुळात चांदीचं, वर ६ ग्रॅमच्या आसपास सोनं. अख्ख्या सोन्याची पदकं १९१२ नंतर बंद झाली. तेव्हा धातूवरून किंमत ठरवायची तर सराफ हसेल. मग पदकात असतं तरी काय?

व्हँकुव्हरवाल्यांनी २०१० साली याला मोठं सुरेख उत्तर काढलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या परंपरेतल्या कॉरिन हंट या कलावतीने देवमाशासारख्या ऑर्काचं एक मोठं चित्र काढलं, आणि त्याचा वेगवेगळा तुकडा एकेका पदकावर उमटवला. ओमर आर्बेल या वास्तुकाराने पदकाचा पत्राही सपाट ठेवला नाही, लाटेसारखा वळवला. एक पदक दुसऱ्यासारखं नाही! धातूत थोडा भाग मोडीत निघालेल्या यंत्रांमधून काढलेला. शिवाय प्रत्येक विजेत्याला अख्खं चित्र छापलेला रेशमी रुमाल दिला: बाबा रे, तुझा तुकडा यात कुठे बसतो ते बघ. जिंकलेल्या माणसाला इतक्या अदबीने जमिनीवर आणलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पटलं मला ते. दोन दिवस ज्याला त्याला सांगत होतो. तिसऱ्या दिवशी शामोनी आठवलं आणि घोटाळा झाला.

शामोनीला १९२४ साली पहिले हिवाळी खेळ झाले. राउल बेनार याने केलेल्या पदकावर एक खेळाडू हात पसरून उभा आहे, एका हातात स्केट्स, दुसऱ्यात स्की, मागे आल्प्स. खेळ कुठलाही असो, माणूस तोच. तिथे स्की-उडीत नॉर्वेचा थोर्लाइफ हाउग तिसरा आला आणि अमेरिकेचा अँडर्स हाउगेन चौथा. (नावंदेखील अशी, की बक्षीस देणाऱ्याची जीभ घसरावी.) प्रत्यक्षात गुणांची बेरीज चुकली होती! चूक पन्नास वर्षांनी, १९७४ साली सुधारली. हाउग १९३४ सालीच वारला होता. त्याच्या मुलीने वडिलांचं ते पदक म्हाताऱ्या हाउगेनच्या हातात ठेवलं.

आता सांगा, व्हँकुव्हरचं पदक असं देता आलं असतं? ते त्या एकाच्याच नावचं, जगात दुसरं नसलेलं. दुसऱ्याला द्यायचं म्हणजे उसना सदरा घालण्यासारखं. शामोनीचं मात्र सगळ्यांसारखं, म्हणून निमूटपणे खऱ्या मालकाकडे जाऊ शकलं. सुंदर कुठलं, हे मला कळतं. न्यायाचं कुठलं, ते कळेनासं झालंय.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगूनच टाकतो. माझ्या कपाटातही एक पदक आहे. शाळेतलं, मंदगती सायकल शर्यतीचं, तिसरा नंबर. ज्याला सर्वांत उशीर होईल तो पहिला, अशी ती शर्यत. माझ्या स्वभावाला साजेशी. दुकानदाराकडे एकच छाप होता, म्हणून त्यावर जिवाच्या आकांताने धावणारा माणूस आहे. त्या दिवशी रेषेच्या अलीकडे माझा पाय जमिनीला टेकला. मास्तरांचं लक्ष नव्हतं. माझ्या शेजारच्या पट्ट्यातल्या मुलाने पाहिलं. तो चौथा आला. तो काही बोलला नाही आणि मीही नाही.

हाउगला आपली चूक ठाऊकच नव्हती, हा त्याचा मोठेपणा म्हणा किंवा नशीब. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि पदकावर माझं नाव नाही, तुकडा नाही, काही नाही; आहे तो कुणाचाही चालेल असा धावणारा माणूस. म्हणजे सबबही उरलेली नाही.

त्या मुलाचा पत्ता मिळवला. तोही आता आजोबा झालाय. हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही म्हणेल, अहो, इतक्या वर्षांनी काय! तसं काही म्हणाली नाही. पदक चिंचेने घासून लख्ख केलं, हातरुमालात बांधलं आणि म्हणाली, "पाठवा. पण चिठ्ठीत पाय टेकल्याचं लिहा. नाहीतर त्यांना वाटेल, आपल्याला अडगळ झाली म्हणून पाठवलं."

पाकिटावर पत्ता लिहून झालाय. चिठ्ठीचे चार खर्डे फाडून झाले. एकात तर मी लिहून गेलो होतो की पाय बहुधा टेकला असावा.