क्षयरोग्याचें औषध आणि समाजाचें ऋण

रोग्यानें औषध घ्यावें हें सांगावयास नीतिशास्त्र कशास पाहिजे, असें कोणी विचारील. क्षयाच्या बाबतींत तें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. पण ताप व खोकला बहुधा पहिल्या एकदोन महिन्यांतच ओसरतात, भूक लागते, मनुष्य कामावर जाऊं लागतो. मग औषधच त्याला आजारासारखें वाटूं लागतें. मळमळ होते, लघवी नारिंगी होते. आपण बरे झालों ही त्याची प्रतीति खोटी नव्हे, अपुरी आहे. उरलेले जंतु त्याला दिसत नाहींत. आणि अर्धवट उपचारांतून औषधास न जुमानणारे जंतु निपजले, तर ते शेजाऱ्याच्या लेकरासही गांठतात.

म्हणून त्याच्यावर पहारा ठेवावा काय? मद्रासेच्या क्षयचिकित्सा-केंद्रानें १९५९ सालीं दाखवून दिलें कीं, दाटीच्या गरीब घरांत राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामांतील रोग्याइतकाच बरा होऊं शकतो. केवढी ही मुक्तता! पण रोगी घरीं राहिला, तेव्हां तो गोळी खरोखर गिळतो कीं नाहीं, हा संशयही त्याच्या मागोमाग घरांत शिरला. १९९७ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमांत समक्ष औषध देण्याची पद्धति आली. त्या कार्यक्रमानें पुष्कळांचे प्राण वाचविले, हें निर्विवाद आहे. तरीपण जिनें आपला रोग सासरीं कळूं दिला नाहीं, त्या सुनेनें दवाखान्याच्या रांगेंत चारचौघांदेखत उभें राहावयाचें, ही शिक्षा रोगाहून लहान आहे काय? औषध सोडणाऱ्यास कागदोपत्रीं 'कसूरदार' म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं तो शब्द टाकला. वृत्ति मात्र गेली असें म्हणवत नाहीं. मजुरी बुडते म्हणून न येणारा व निव्वळ बेफिकीर, दोघेही एकाच रकान्यांत बसतात.

समाजास या रोग्याकडून निष्ठा मागण्याचा हक्क आहे, पण तो फुकट नाहीं. बरें वाटत असतांही जो महिनेन् महिने गोळ्या गिळतो, तो कांहीं अंशीं आमच्यासाठीं गिळतो. तो ऋणको नव्हे, धनको आहे. पोषणासाठीं २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये २०२४ च्या नोव्हेंबरांत १००० झाले, त्यांस आम्ही दान म्हणणार नाहीं. आणि सारें देणें पैशाचेंच असतें असेंही नाहीं. उपचार नीट चालल्यास थोड्याच आठवड्यांत बहुतेकांपासून संसर्गाचें भय उरत नाहीं, ताटवाटीनें तर हा रोग पसरतच नाहीं. तरी किती सुशिक्षित घरांत तें ताट वर्षभर वेगळें मांडलें जातें!