निकाल आणि अंतःकरण

गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात, असे सेमिनरीत आम्हांस शिकविले गेले: विषय गंभीर असावा, त्याचे पूर्ण ज्ञान असावे आणि मनाची खरी संमती असावी. क्रीडाक्षेत्राचा उत्तेजकविरोधी कायदा यांतील पहिलीच गोष्ट आधी पाहतो. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की तो जबाबदार. ते हेतुपुरस्सर घेतले नाही, हे सिद्ध करण्याचा भारही बहुधा त्याच्यावरच. आमच्या कोर्लई-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हा नियम निष्ठुर वाटेल.

महाराष्ट्राने त्याची झळ २०१६ मध्ये सोसली. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला निघण्याच्या तयारीत असताना त्याच्या नमुन्यांत मेथँडिनोन हे स्टेरॉइड आढळले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. राष्ट्रीय संस्थेच्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्टला ते मान्य केले. जागतिक संस्थेने दाद मागितली आणि १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा ठोस पुरावा लवादाला दिसला नाही.

हे अन्यायाचे झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्याचे १३२१ वे कलमसुद्धा, बाह्य उल्लंघन घडले की अन्यथा दिसून येईपर्यंत जबाबदारी गृहीत धरते. (निर्दोषत्वाचे गृहीतकही त्याच कलमात २०२१ च्या सुधारणेने आले, हे येथे नमूद करावेसे वाटते.) समोरच्या मल्लालाही निर्मळ प्रतिस्पर्ध्याचा हक्क असतो. लवाद त्या हक्काचे रक्षण करतो. आत्म्याची झडती घेणे त्याचे काम नव्हे.

पण आपण, चहाच्या टपरीवरचे न्यायाधीश? नरसिंगला लबाड म्हणणे हा अविचारी निवाडा, हे आठव्या आज्ञेवरून कोणीही सांगेल. त्याला हुतात्मा ठरविणे मात्र आपल्याला पुण्यकर्म वाटते. तसे ठरविताच आपण कोणा अन्य मल्लावर, स्वयंपाक्यावर किंवा सोबत्यावर विषप्रयोगाचा आरोप ठेवतो. दयेच्या पदराआड लपलेली ही खोटी साक्ष आम्हांस अधिक भयावह वाटते.

आणि आपली श्रद्धा फसूही शकते. २००६ ची टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन सायकलपटू फ्लॉइड लँडिस टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला. त्याच्या बचावासाठी लोकांनी पैसे दिले. २००७ मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. प्राथमिक चाचणी नियमाबरहुकूम झाली नव्हती, म्हणून बहुमतानेही ती बाजूला ठेवली. कार्बनच्या समस्थानिकांची चाचणी तेवढी ग्राह्य धरली. विरोधी मत देणारे पंच ख्रिस्तोफर कॅम्पबेल हे स्वतः ऑलिंपिक पदकविजेते मल्ल होते, हा योगायोग! २००८ मध्ये अपीलही फेटाळले गेले. मग मे २०१० मध्ये लँडिसने आपण उत्तेजके घेत होतो, हे स्वतःच सांगितले. तोवर त्याच्यासाठी झोळी उघडणारे साधे, सज्जन लोक होते. त्यांच्या औदार्याला आम्ही दोष देत नाही. फक्त ते औदार्य निकालाची जागा घेऊ शकत नव्हते.

नरसिंगने तशी कबुली कधी दिली नाही, आणि त्याच्या मनातले आम्हांस ठाऊक नाही. बंदी संपल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा मॅटवर उतरला. परत येऊ देण्यापूर्वी कायद्याने त्याच्याकडून पश्चात्तापाचा एक शब्दही मागितला नाही.