उमेदवारीतला रविवार

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिची परीक्षा घेण्याचे कोणाच्या सहसा मनात येत नाही. नोकरीने मनुष्य शहाणा होतो असे मात्र कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. नोकरीने पोट भरते, फार तर चार लोकांत मान मिळतो. शहाणपणासाठी घराबाहेर पडावे लागते, असा एकंदर समज. ह्या दोन समजुतींची गाठ गेल्या वर्षी आमच्याच घरात पडली, आणि त्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

आमचा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठी तो जर्मनीत स्टुटगार्ट येथे एका कचेरीत गेला होता. मुंबई व स्टुटगार्ट ही १९६८ पासून स्नेहनगरे आहेत. त्यामुळे घरातल्या वडील मंडळींस ते गाव अगदीच परके वाटले नाही. सोमवार ते शुक्रवार कचेरी आणि शनिवार-रविवार प्रवास, असा त्याचा क्रम ठरून गेला. २०२३ च्या मे महिन्यापासून त्या देशात एका मासिक तिकिटावर सर्व स्थानिक व प्रादेशिक गाड्यांतून हिंडता येते. दूर पल्ल्याच्या जलद गाड्या तेवढ्या वर्ज्य. विशीतल्या मुलास मंद गाडीचा त्रास तो काय होणार?

दर सोमवारी त्याची छायाचित्रे आणि त्यांखालचा लांबलचक मजकूर आमच्याकडे येई. न्यूरेंबर्गचा किल्ला झाला, कोलोनचे कॅथीड्रल झाले, उल्मचा मनोरा झाला. आम्ही तो मजकूर घरात मोठ्याने वाचत असू आणि शेजाऱ्यांसही दाखवीत असू. कचेरीविषयी त्यात एकच वाक्य असे : ‘बाकी काम नेहमीचेच.’

परत आल्यावर महिन्याभराने, बोलता बोलता, त्याने एक हकीकत सांगितली. मोजमापांचे काही शेकडो आकडे एका तक्त्यात उतरविण्याचे काम त्याच्याकडे होते. आपल्याकडे पूर्णांक व दशांश ह्यांमध्ये टिंब देतात. जर्मनीत तेथे स्वल्पविराम देतात, आणि टिंब हजारांची फोड दाखविते. आपल्या रीतीने १.२५० लिहिले तर ते सव्वा होते. त्यांच्या रीतीने तेच साडेबाराशे! ही गोष्ट त्यास पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आली होती. एका शुक्रवारी दुपारी उल्मची गाडी गाठण्याच्या घाईत त्याने अर्धा तक्ता आपल्या सवयीने भरला, एकदाही मागे वळून पाहिला नाही, आणि तो निघाला. तक्ता सोमवारी सकाळी बाहेर जावयाचा होता. कचेरीतील एका वयस्क बाईंच्या नजरेस ती चूक आली. बाकीचे सर्व घरी गेले होते. त्या एकट्या रात्री आठपर्यंत बसल्या आणि मूळ टिपणांवरून आकडा न् आकडा त्यांनी ताडून पाहिला.

हे किती मोठे देणे होते ते कळण्यास तेथील एक शब्द ठाऊक असावा लागतो. दिवसाचे काम संपल्यानंतरच्या वेळास जर्मन लोक ‘फायरआबेंड’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ सणाची पूर्वसंध्या. काम संपले की ती संध्याकाळ ज्याची त्याची. तिच्यात सहसा कोणी हात घालीत नाही. सोमवारी बाईंनी त्याच्यापुढे तक्ता ठेवला, पेन्सिलीने एक स्वल्पविराम दाखविला आणि ‘इकडे हे असे लिहितात’ एवढेच म्हटले. त्या शुक्रवारी त्या आपल्या बहिणीकडे जावयाच्या होत्या, हे त्यास पुढे दुसऱ्याकडून कळले.

‘मग हे तू आम्हांस तेव्हा का नाही लिहिलेस?’ आम्ही विचारले.

‘काका, कचेरीचे तुम्ही कधी विचारलेच नाहीत,’ तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

ह्यावर कोणी म्हणेल, एका उमेदवाराच्या एका चुकीचे एवढे काय? मुलगा परदेशी गेला. पुन्हा कधी जाईल कोण जाणे. तेव्हा त्याने चार शहरे पाहू नयेत काय? अवश्य पाहावीत. आपण श्रम करतो ते अखेर फुरसतीसाठी, असे ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्यानेही म्हटले आहे, आणि सुट्टीचा दिवस मिळावा म्हणून कामकरी वर्गाने दीर्घकाळ झगडा केला आहे. रविवारावर आमचा राग नाही. प्रश्न निराळा आहे. आठवड्याचे पाच दिवस ही केवळ किंमत, आणि दोन दिवस हा त्या किमतीत विकत घेतलेला माल, असे एकदा मानले की किंमत होईल तितकी कमी द्यावी हा व्यवहार ओघानेच येतो. आणि आपण जी किंमत चुकवितो ती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी संध्याकाळीतून वसूल होते.

तो जे पाहावयास गेला होता ते तरी काय होते? उल्मच्या चर्चचा पाया १३७७ साली घातला गेला. १५४३ मध्ये काम थांबले, ते १८४४ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि १८९० मध्ये मनोरा पुरा झाला. उंची १६१.५ मीटर, पायऱ्या ७६८. सव्वाशेहून अधिक वर्षे जगातील चर्चांत तो सर्वांत उंच होता. २०२५ च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियाने तो मान घेतला. कोलोनची गोष्ट ह्याहून विलक्षण. १२४८ साली आरंभिलेले ते काम सोळाव्या शतकात थांबले, आणि अर्धवट मनोऱ्यावर दगड चढविण्याचे लाकडी यंत्र शतकानुशतके तसेच उभे राहिले. इमारत पुरी झाली १८८० साली. ज्यांनी खालचे दगड घडविले त्यांस पक्के ठाऊक होते की शिखर आपल्या दृष्टीस पडावयाचे नाही. तरीही त्यांनी सांधे नीट बसविले. त्यांचा तो सोमवार होता, मंगळवार होता, ‘बाकी काम नेहमीचेच’ होते. आपण रविवारी जे पाहावयास जातो ते कोणाचे तरी नेहमीचे कामच असते.

त्याच देशात काम आणि प्रवास ह्यांची फारकत न करणारी एक जुनी चाल आहे. सुतार, गवंडी वगैरे कारागीर शिक्षण संपल्यावर तीन वर्षे व एक दिवस भ्रमंती करतात. त्या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरांच्या आत पाऊल टाकीत नाहीत, आणि गावोगाव काम करीत पुढे जातात. ही चाल आजही थोडे तरुण पाळतात. गावाची ओळख त्यांस तेथल्या कामातून होते. पाहणे आणि राबणे हे त्यांच्या लेखी एकच.

आता न्यूरेंबर्ग. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावात तेथील जुने शहर बहुतेक सारे बेचिराख झाले. आज दिसते ते पुष्कळसे पुन्हा उभारलेले. ह्याच शहरात २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत नाझी पुढाऱ्यांवरील खटला चालला. त्यात फिर्यादी पक्षाचा मुख्य आधार होता तो त्यांच्याच कचेऱ्यांतील कागदपत्रांचा; आणि वरून हुकूम होता, ही सबब न्यायाधीशांनी दोषमुक्तीस पुरेशी मानली नाही. एका मुलाच्या चुकलेल्या टिंबाशी त्या अघोर पापाची तुलना करणे हा मूर्खपणा होईल, आणि ती आम्ही करीत नाही. तथापि कचेरीतल्या मेजावर जे घडते त्याचा आपल्या नीतीशी संबंध नाही, ते ‘नेहमीचे काम’ आहे, असे म्हणण्याची सोय त्या शहराने कोणासही ठेवलेली नाही. आमच्या पुतण्याने त्या शहरात किल्ला पाहिला, बाजार पाहिला आणि छायाचित्रे धाडली. ती आम्ही कौतुकाने पाहिली.

दोष कोणाचा, हे सांगताना आम्हांस स्वतःस वगळता येत नाही. मुलाने मनोऱ्याच्या पायऱ्या मोजल्या, कारण त्या ऐकण्यास आम्ही उत्सुक होतो. बाईंचे नावही त्याने कधी लिहिले नाही, कारण ते आमच्यापैकी कोणास हवे नव्हते. आम्ही स्वतः तीस वर्षे कचेरीत काढली, आणि घरी मुलांदेखत कामाविषयी बोललो ते बहुतेक कंटाळ्याने. काम हे सोसावयाचे असते, हा धडा त्यास आमच्याच ओसरीवर मिळाला.

पुढले पाच आठवडेही तो हिंडला. ते त्याने सोडले नाही, आणि सोडावे असे आमचे म्हणणे नाही. फक्त शुक्रवारी निघण्यापूर्वी तक्ता पहिल्यापासून वाचून पाहू लागला. त्यात एकदा गाडी चुकली, असे तो म्हणाला. चुकलेल्या गाडीचे छायाचित्र काही त्याने धाडले नव्हते. पण त्याच्या साऱ्या प्रवासातले तेवढेच एक आम्हांस आज पाहावेसे वाटते.